नळदुर्ग : सात वर्षं गहाण पडलेला जिल्हा

ज्यांना कानात इअरफोन घालण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या भागाचा लेखी अवतार. बोलताना थोडं पुढेमागे झालेलं इथे नीट लावून घेतलंय, बाकी गप्पा त्याच.

आजचा प्रश्न साधा आहे. समुद्रापलीकडे बसलेलं एक सरकारी ऑफिस हजारो किलोमीटर लांबचा मुलूख चालवतं म्हणजे नेमकं काय करतं? तिथे माणसं कोण नेमतं, पगार कुणाच्या खिशातून जातो, चूक झाली तर तक्रार कुणाकडे जाते? असा विषय निघाला की आपल्याला फॉकलंड, जिब्राल्टर, सेंट हेलेना आठवतात. पण यासाठी इतकं लांब जायची गरज नाही. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की पन्नासेक किलोमीटरवर नळदुर्ग येतं. पावसाळ्यात पाणीमहालावरून पडणाऱ्या नर-मादी धबधब्याचे रील आपण सगळ्यांनी टाकलेत. तोच किल्ला, बोरी नदीच्या वळणातला. 1853 ते 1860 अशी सात वर्षं हा किल्ला आणि त्याच्याभोवतीचा जिल्हा, म्हणजे आजच्या धाराशिवचा बराचसा भाग, इंग्रजांच्या ताब्यात होता. इथे लढाई झाली नव्हती, कुणी राजा हरला नव्हता. उधारीपोटी हा जिल्हा दिला गेला होता.

आधी ही उधारी समजून घेऊ, कारण ती भन्नाट आहे.

हैदराबादच्या निजामाच्या नावावर एक फौज होती, 'हैदराबाद कंटिंजंट'. पगार निजामाचा, अधिकारी इंग्रज, आणि हुकूम हैदराबादेतल्या इंग्रज रेसिडेंटचा. म्हणजे निजाम पैसे देणार, पण या फौजेला उठ म्हणायचं की बस म्हणायचं हे तो ठरवणार नाही. वर्षानुवर्षं हा खर्च निजामाच्या तिजोरीला झेपेना. पगार थकले की कंपनी सरकार आपल्याकडून ते द्यायचं आणि निजामाच्या खात्यावर कर्ज म्हणून लिहायचं, वर व्याज. आपण न मागितलेलं सबस्क्रिप्शन, कॅन्सलचं बटण नाही, आणि ऑटो-डेबिट फेल झालं की दंड! अशी ही बाकी फुगत फुगत अर्ध्या कोटी रुपयांच्या घरात गेली.

1853 साली गव्हर्नर जनरल होता डलहौसी. झाशी, नागपूर, सातारा यांच्या संदर्भात शाळेत वाचलेला तोच. त्याला हा मुलूख कायमचा हवा होता. निजाम नासिर-उद-दौला 'कायमचा' या शब्दाला काही केल्या तयार होईना. वडिलोपार्जित मुलूख हातचा देणं ही राजाला मान खाली घालायला लावणारी गोष्ट. शेवटी रेसिडेंट जॉन लो याने त्या शब्दाचा आग्रह सोडला आणि 21 मे 1853 ला तह झाला. वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि आपला नळदुर्ग-धाराशिवचा भाग इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. अंदाजे उत्पन्न वर्षाला पन्नास लाख रुपये. कागदोपत्री मालक निजामच, कारभार मात्र पूर्णपणे रेसिडेंटचा. मिळणाऱ्या महसुलातून आधी त्या फौजेचा खर्च, मग कर्जाचं व्याज, मग आप्पा देसायांची चौथ, महिपतरामाच्या घरच्यांचा तनखा आणि काही मराठा पेन्शनी, हे सगळं तहातच लिहिलेलं. एवढं भागवून जे उरेल ते दरवर्षी हिशोबासकट निजामाला परत द्यायचं.

आता गंमत बघा. त्या काळात निजामाच्या राज्यात तालुके गहाण पडणं ही काही नवलाई नव्हती. हैदराबादचे साहुकार आणि अरब-रोहिल्यांचे सरदार दरबाराला उसने पैसे द्यायचे आणि बदल्यात एखाद्या तालुक्याचा महसूल स्वतः वसूल करायचे. कर्ज फिटेपर्यंत तो तालुका त्यांचाच. कंपनीने याहून वेगळं काही केलं असं मला तरी वाटत नाही. फक्त ती सगळ्यात मोठी साहुकार निघाली, आणि तिच्याकडे तहाचा कागद होता. नळदुर्ग, तुळजापूर, धाराशिवकडच्या रयतेला या व्यवहारात कोणी विचारलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

बरं, मुलूख तर मिळाला. आता तो चालवायचा कुणी?

इथे आपण थोडा वेळ लंडनला जाऊ, कारण खरं ऑफिस तिथे होतं. लेडनहॉल स्ट्रीटवर 'ईस्ट इंडिया हाऊस' नावाची इमारत होती. तिथे पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या खात्यात एक हुशार अधिकारी 1823 पासून नोकरीला होता. 1836 पासून पुढे वीस वर्षं त्याच्याकडे काम काय, तर कंपनीचा हिंदुस्थानातल्या संस्थानांशी होणारा पत्रव्यवहार. म्हणजे हैदराबाद, ग्वाल्हेर, बडोदा वगैरे दरबारांबाबत इकडून जे कागद जात, त्यांची उत्तरं तयार करणं. या माणसाचं नाव जॉन स्टुअर्ट मिल. हो, तोच. राज्यशास्त्राच्या पेपरला 'स्वातंत्र्य' या विषयावर ज्याच्यावर दहा मार्कांचा प्रश्न येतो तो मिल. यूपीएससी, एमपीएससी करणाऱ्यांनी इथे पॉज घेऊन हसून घ्यावं. व्यक्तिस्वातंत्र्याचा सगळ्यात मोठा वकील पस्तीस वर्षं कंपनीच्या पगारावर होता, आणि तो आयुष्यात कधी हिंदुस्थानात आला नाही.

मिलला दोष देण्यासाठी हे सांगत नाहीये. उलट या व्यवस्थेबद्दल सगळ्यात स्पष्ट त्यानेच सांगून ठेवलंय. 1852 साली ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष देताना त्याने सांगितलं की हिंदुस्थानचा सगळा कारभार लेखी चालतो. इकडे जे काही ठरतं, ते का ठरलं याच्या कारणांसकट लिहून लंडनला जातं, आणि तिकडे ते तपासलं जातं. त्याच्या मते हाच या कारभाराचा मोठा गुण. आता मी दिवसभर कोड आणि लॉग यातच असतो, त्यामुळे मला हे ऐकून आधी भारी वाटलं. प्रत्येक निर्णयाचा लॉग! पण लॉग हा घटना घडून गेल्यावर वाचायचा असतो. नळदुर्गचा कागद आधी हैदराबादला रेसिडेंटकडे, तिथून कलकत्त्याला, तिथून लंडनला. सुएझच्या वाटेने आगबोटी सुरू झाल्या होत्या तरी नुसता प्रवास महिन्याच्या वर. लंडनला पोचल्यावर मसुदा तयार होणार, तो कंपनीचे अध्यक्ष बघणार, मग सरकारचं 'बोर्ड ऑफ कंट्रोल' बघणार, खाडाखोड होऊन परत येणार, मग सही, मग उलटा प्रवास. तोपर्यंत इकडे खरीप जाऊन रब्बी आलेली असायची. लंडनचं ऑफिस शाबासकी देऊ शकत होतं, कान उपटू शकत होतं. पण उद्या सकाळी नळदुर्गच्या कचेरीत काय होणार, हे ठरवणं त्याच्या हातात नव्हतंच.

मग ठरवायचं कोण? तर जागेवरचा माणूस. म्हणून त्या ऑफिसची खरी ताकद माणूस निवडण्यात होती. त्याची पद्धत अशी : कंपनीचे डायरेक्टर आपल्या ओळखीपाळखीतल्या पोरांची नावं सुचवायचे, ती पोरं लंडनजवळ हेलीबरी कॉलेजात दोनेक वर्षं शिकायची, करारावर सही करायची आणि बोटीत बसायची. यांना 'करारबद्ध' नोकर म्हणत. अख्ख्या हिंदुस्थानसाठी ही मंडळी हजाराच्या आसपास. 1855 पासून वशिला बंद होऊन परीक्षा सुरू झाली, पण ती लंडनमध्येच. आपल्याकडच्या मुलाला परीक्षा द्यायची तर आधी समुद्र ओलांडा. पहिला भारतीय, सत्येंद्रनाथ टागोर, 1863 ला पास झाला.

आणि नळदुर्गला आलेला साहेब या रांगेतला नव्हताच!

फिलिप मेडोज टेलर. जन्म लिव्हरपूलचा, 1808 चा. पंधराव्या वर्षी मुंबईत एका व्यापाऱ्याकडे कामाला आला, तिथे काही जमलं नाही, मग ओळखीने निजामाच्या फौजेत शिरला. म्हणजे कंपनीचा नोकर नाही, हेलीबरी नाही, करार नाही. आजच्या भाषेत पेरोलवर नसलेला कॉन्ट्रॅक्टवाला. सर्व्हे, इंजिनीअरिंग, कायदा, भूगर्भशास्त्र हे सगळं तो कामाच्या जागीच स्वतः शिकला. इथल्या भाषा बोलायचा. तरुणपणी निजामाच्या मुलखात पोलिसाचं काम केलेलं, ठगांवरची त्याची कादंबरी 1839 ला इंग्लंडात गाजली होती. सुरापूर संस्थानात बाल राजाच्या वतीने बारा वर्षं कारभार पाहिलेला. आणि लंडनच्या 'टाइम्स'ला हिंदुस्थानची बातमीपत्रं लिहायचा, हा साइड बिझनेस वेगळा. 1853 ला नवीन मुलूख ताब्यात आला तेव्हा तो चालवायला कंपनीकडे तयार माणसं कमी आणि हा माणूस समोर. झाला नळदुर्गचा डेप्युटी कमिशनर.

त्याच्या हाताखाली गोऱ्या अधिकाऱ्यांची रांग वगैरे काही नव्हती. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण 'इंग्रजांनी राज्य केलं' असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर लाल डगल्यांची गर्दी येते. नळदुर्गात राज्य कुणी केलं? गावात पाटील आणि कुलकर्णी. परगण्याला देशमुख-देशपांडे. तालुक्याला तहसीलदार आणि त्याचे कारकून. कचेरीत मोडी वाचणारे, फारसी वाचणारे. कुणाची जमीन किती, बांध कुठून कुठवर, विहीर कुणी खोदली, मागच्या दुष्काळात सूट किती दिली, हे सगळं कुलकर्ण्याच्या दप्तरात आणि त्याहून जास्त त्याच्या डोक्यात. आदिलशाही गेली, मुघल गेले, निजाम आला, कंपनी आली, डेटाबेस मात्र तोच आणि ॲडमिनही तोच. वर फक्त लॉगिन पेज बदलत गेलं.

टेलरने या माहितीवर स्वतःची पकड बसवायचा प्रयत्न केला. शेजारच्या मुंबई इलाख्यात, आपल्या इंदापूरपासून सुरुवात करून, विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी जमीन मोजून, तिची प्रत ठरवून, तीस वर्षांसाठी सारा बांधून द्यायची पद्धत आणली होती. टेलरनेही आपल्या जिल्ह्यात महसुलाची नवी आकारणी केली. इंग्रजी चरित्रकोशांमध्ये त्याचं कौतुक असं येतं, की ती रयतेला जास्त न्याय्य होती आणि सरकारला उत्पन्नही जास्त देणारी होती. दोन्ही एकदम कसं? यात जादू नाही. मधल्या ठेकेदाराचा वाटा कापला की दोन्ही टोकांना थोडं थोडं मिळू शकतं. पण एक गोष्ट डोक्यात ठेवूया : या कौतुकात रयतेचं मत रयतेने दिलेलं नाहीये. आणि जमीन मोजली की शेतकऱ्याला हक्क मिळतो, तसाच सरकारला पत्ताही मिळतो.

माणूस म्हणून टेलर चांगला होता असं मला वाटतं. त्याचं आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर 1877 ला आलं, ते वाचताना इथल्या लोकांबद्दलचा त्याचा जिव्हाळा नाटकी वाटत नाही. पुढे त्याने 'तारा' नावाची कादंबरी लिहिली, तिची सुरुवातच तुळजापूरची आहे. पण प्रश्न चांगल्या-वाईटाचा नाहीच. साहेब चांगला निघाला हे नळदुर्गचं नशीब होतं, व्यवस्थेचा गुण नव्हे. तो वाईट निघाला असता तर? तक्रार कुणाकडे? रेसिडेंटकडे. आणि रेसिडेंट कोण, तर निजामाच्या दरबारातला इंग्रज वकील. तोच निजामाच्या पैशावरच्या फौजेचा खरा मालक, आणि तोच या गहाण जिल्ह्यांचा सर्वोच्च कारभारी. कर्ज देणारा, वसुली करणारा आणि फिर्याद ऐकणारा, तिघे एकाच खुर्चीत.

एकाच माणसाच्या डोक्यावर दोन टोप्या ठेवण्याची ही सवय अजून गेलेली नाही, बरं का. ब्रिटनकडे आजही चौदा 'ओव्हरसीज टेरिटरी' आहेत. त्यातलं पॅसिफिक महासागरातलं पिटकेर्न बेट घ्या, वस्ती पन्नासच्या आसपास. त्याचा गव्हर्नर बेटावर राहत नाही. न्यूझीलंडमधला ब्रिटिश हायकमिशनर असतो, तोच पदसिद्ध गव्हर्नर. म्हणजे एका देशातला वकील आणि दुसऱ्या मुलखाचा शासक. हैदराबादच्या रेसिडेंटला हे ऐकून अजिबात नवल वाटलं नसतं.

असो. 1857 उजाडलं. उत्तरेत आग लागली, निजाम नासिर-उद-दौला त्याच वर्षी मे महिन्यात वारला, हैदराबादेत रेसिडेन्सीवर हल्ला झाला. टेलरला नळदुर्गहून उचलून वऱ्हाडात बुलढाण्याला पाठवलं. सोबत फौज नाही; द्यायला फौजच नाही, जमेल तसं सांभाळ, असा एकूण निरोप. नळदुर्ग शांत राहिलं, बुलढाणाही राहिलं. सुरापूर मात्र पेटलं. ज्या व्यंकटप्पा नायकाला टेलरने लहानाचं मोठं होताना पाहिलं, तो राजा 1858 ला उठला, पकडला गेला, आणि कैदेत असतानाच गोळी लागून मेला. टेलरच्या पुस्तकात या माणसाबद्दलचं दुःख आहे. सुरापूर जप्त झालं.

आणि मग आला 1860 चा हिशोब. कंपनी बरखास्त झाली होती, राणीचं सरकार आलं होतं. 1857 ला निजाम आणि त्याचा दिवाण सालारजंग इंग्रजांच्या बाजूने राहिले, त्याचं बक्षीस द्यायचं होतं. डिसेंबर 1860 च्या तहात नळदुर्ग-धाराशिव आणि रायचूर दुआब निजामाला परत मिळाले, सुरापूरही दिलं, आणि पन्नास लाखांचं कर्ज माफ. वऱ्हाड मात्र ठेवून घेतलं. का? कापसाचा मुलूख, आणि रेल्वे तिकडूनच जायची होती, एवढं सांगितलं तरी पुरे. शिवाय एक कलम असं, की निजामाने आता मागच्या किंवा पुढच्या जमाखर्चाचा हिशोब मागायचा नाही. शिल्लक उरली तर देऊ, किती उरली ते आम्हीच सांगू. 1853 च्या तहातला निजामाच्या बाजूचा एकुलता एक खराखुरा हक्क म्हणजे दरवर्षीचा हिशोब. तो गेला. मला विचाराल तर पन्नास लाखांच्या माफीपेक्षा हे कलम मोठं आहे. वऱ्हाडचा निकाल शेवटी 1902 ला कर्झनने लावला : वर्षाला पंचवीस लाख भाडं आणि कायमचा पट्टा. जो 'कायमचा' शब्द नासिर-उद-दौलाने अडवला होता, तो पन्नास वर्षांनी त्याच्या पणतवंडांच्या पिढीकडून नाही तर नातवाकडून, महबूब अली खानाकडून, घेतला.

नळदुर्गच्या रयतेला जाताना विचारलं नव्हतं, येतानाही नाही. तुळजापूरचा शेतकरी 1853 ला एका सकाळी उठला तर साहेबाचा झाला, 1860 ला उठला तर परत निजामाचा. अमरावती-अकोल्याचा शेतकरी साहेबाचाच राहिला. आज मराठवाडा आणि विदर्भ असे जे दोन वेगळे इतिहास आपण सांगतो, 17 सप्टेंबर 1948 एकाचा असतो आणि दुसऱ्याचा नसतो, त्यातली एक रेघ या तहात ओढली गेली.

टेलरची आकारणी, कचेरीची शिस्त यातलं काय टिकलं? सालारजंग हुशार माणूस. ठेकेदारी मोडून 1865 पासून त्याने अख्ख्या राज्यात जिल्हाबंदी आणली, पगारी तालुकदार नेमले. शेजारच्या इंग्रजी मुलखातला आणि या परत आलेल्या जिल्ह्यांतला अनुभव त्याच्यासमोर होताच. नळदुर्ग जिल्हा म्हणून राहिला, ठाणं पुढे धाराशिवला हललं, गावाचं नाव उस्मानाबाद झालं आणि 2023 ला पुन्हा धाराशिव.

आणि लंडनचं ते ऑफिस? 1858 नंतर त्याचं नाव 'इंडिया ऑफिस' झालं, वर एक मंत्री आणि पंधरा जणांचं मंडळ. मिलने त्या मंडळातली जागा नाकारली, निवृत्त झाला, आणि 1861 च्या ग्रंथात परक्या मुलखावर राज्य कसं करावं यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की एका देशाच्या पार्लमेंटने दुसऱ्या देशावर थेट राज्य करू नये. मध्ये जाणकारांचं मंडळ असावं. थोडक्यात आपलं जुनं ऑफिस बरं होतं! तिसरा पर्याय त्याला सुचला नाही. पगाराचं म्हणाल तर ब्रिटनच्या इतर वसाहती सांभाळणाऱ्या 'कलोनिअल ऑफिस'चा खर्च ब्रिटिश तिजोरीतून व्हायचा, पण इंडिया ऑफिसचा मंत्री, कारकून, इमारत, सगळं आपल्या महसुलातून. 1867 ला तुर्कस्तानचा सुलतान लंडनला आला, त्याच्यासाठी नव्या इमारतीच्या चौकात जंगी मेजवानी झाली. बिल हिंदुस्थानच्या नावावर. मंत्र्याचा पगार ब्रिटिश तिजोरीवर गेला तो थेट 1919 च्या कायद्यानंतर.

ज्यांना स्वतः खणायचंय त्यांच्यासाठी एक टीप. टेलरचं आत्मचरित्र इंटरनेट अर्काइव्हवर फुकट आहे. त्या ऑफिसचे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ठेवलेत. पण आजच्या स्पेलिंगने शोधलंत तर फारसं काही हाती लागणार नाही. साहेब नळदुर्ग लिहायचा 'नल्ड्रूग', शेवटी डबल ओ आणि जी. आणि धाराशिवसाठी 'धारासेओ' टाकून बघा.